कॅरिअरवरचा कोच
निलगिरी तेलाचा वास आला की मला पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा घाट आठवतो, आणि त्या घाटात एस.टी.त बसून मला सायकल शिकवणारा माझा कोच. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मुंबईच्या शर्यतीला आमच्या महाडच्या क्लबातून एकच नाव जायचं होतं. उंचावरच्या विरळ हवेत फुप्फुसं रुंदावतात, असं कुठल्याशा मासिकात वाचून कोचनं माझी चाचणी घाटात ठेवली. मी पायडल मारायचं आणि त्यानं पुढे रांगणाऱ्या एस.टी.च्या मागच्या खिडकीत स्टॉपवॉच धरून शिट्टी फुंकायची, मधूनमधून गुडघ्यांना निलगिरी चोळायची, तीही स्वतःच्याच. अर्ध्या चढावर एस.टी. तापून बसली. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, तासभर तरी नाय हलायची." कोच उतरला आणि सरळ माझ्या कॅरिअरवर येऊन बसला. मी म्हटलं, "सर, घड्याळ चालूच हाय." "चालूच राहणार. नियम म्हणजे नियम. मार पायडल." शंभर किलोंचा तो ऐवज घेऊन मी चढलो. टायर भाकरीसारखे चपटे झाले, झाडावरची माकडंसुद्धा हळहळली, आणि हा माझ्या पाठीमागे शिट्टीवर ताल धरून बसलेला. वर पोचल्यावर त्यानं घड्याळ पाहिलं, नाक मुरडलं आणि माझं नाव खोडलं. म्हणाला, "दम कमी पडतो रे तुझा." मुंबईला गेला त्याचा भाचा, ज्याची चाचणी बिरवाडीच्या सपाट रस्त्यावर झाली होती. अजूनही कुणी विचारलं, तुमचा कोच कसा होता, तर मी फक्त त्याचं वजन सांगतो.