अकरा मात्रांच्या टाळ्या

या सदरात बाकीचे लोक अनुभव लिहितात आणि मी त्याखाली प्रतिक्रिया लिहितो. 'झोप पुरी घेत जा', 'वायरिंग तपासून घ्या', 'घाटात बाई दिसली म्हणजे ती जिवंतच असते, तिलाही घरी जायचं असतं'... वगैरे. जुन्या वाचकांना माझं नाव आठवत असेल, बहुतेक शिव्यांसकट. तर आज माझी पाळी आहे. मनसोक्त सूड उगवा, हरकत नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. हिंजवडीला जातो-येतो – म्हणजे मुख्यतः जातो-येतोच, मधे वेळ उरला तर काम करतो. चूक कुठे आहे, का आहे, पुन्हा घडवून दाखवता येते का, हे शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. भूत, करणी, दृष्ट या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही.

कॉलेजपासून आमचा एक छोटा ग्रुप आहे, प्रोग्रेसिव्ह रॉकचा नाद असलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – या संगीतात एक गाणं पंधरा-वीस मिनिटं चालतं, शब्द कमी असतात, आणि पायाने ठेका धरायला गेलं तर गाणं एका गावाला पोचतं आणि पाय दुसऱ्या. मला स्वतःला एकही वाद्य येत नाही. म्हणून आयोजन माझ्याकडे. कोविडच्या आधी आम्ही दर वर्षी एक दिवसाचा फेस्टिव्हल करायचो, नाव 'वेडंवाकडं'. दोनेकशे लोक यायचे, त्यातले निम्मे एकमेकांना नावाने ओळखायचे.

मग सगळं बंद पडलं. नंतर जग सुरू झालं तरी आमचं होईना. एक बँड कॅनडाला गेला, एकाचं लग्न झालं, आमचा जुना हॉल पाडून तिथे टॉवर उभा राहिला. शेवटी मागच्या वर्षी म्हटलं, आता नाही केला तर कधीच नाही. जागा शोधली हडपसरच्या पुढे, एका लग्नाच्या लॉनची, आणि तारीख घेतली पितृपक्षातली. त्या पंधरवड्यात लग्नं नसतात, लॉन ओस पडलेली असतात आणि मालक नरम असतात.

हे मालक मूळचे तिथलेच शेतकरी. म्हणाले, "ह्या दिवसांत कुनी लगीन काढत न्हाई, लॉन मोकळंच हाय. वाजवा काय वाजवायचं ते. पर धाच्या आत बंद. तुमच्यात नाचत्यात का?"

"नाही. उभे राहतात."

"नुसतं?"

"हाताची घडी घालून."

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

आता 'पितृपक्ष' वाचून तुमच्यातल्या निम्म्यांनी मान डोलावली असेल. थांबा. ही गोष्ट ज्याची आहे त्या सिद्धार्थच्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली. त्यांच्या घरी पान वाढत नाहीत, कावळ्याची वाट बघत नाहीत. तारीख मी निवडली होती, आणि ती फक्त परवडते म्हणून.

सिद्धार्थ आमच्यातला सगळ्यात चांगला ड्रमर. बिबवेवाडीत आई आणि तो असे दोघंच राहायचे. शोभाकाकू सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. त्यांचे वडील जलशात ढोलकी वाजवायचे, त्यामुळे काकूंना ताल लहानपणापासून ठाऊक. नोकरी, संसार यांत वाजवणं राहून गेलं होतं, पण कान शाबूत होता आणि जीभ तर फारच.

पहिला लॉकडाउन जरा सैल झाला तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो होतो. सोसायटीत ड्रम्स वाजवता येत नसल्यामुळे सिद्धार्थ उशीवर काठ्या आपटत नवीन गाणं बसवत होता. लांबलचक गाणं, आणि मधला मोठा भाग अकरा मात्रांचा. काकू समोर खुर्चीत बसून त्याला ताल धरून देत होत्या. पहिल्या मात्रेला टाळी. मग मधे खाली – म्हणजे तिथे टाळी वाजवायची नाही, तळहात नुसता बाजूला उलटा करायचा. आणि शेवटाकडे लागोपाठ दोन टाळ्या. की पुन्हा पहिल्यापासून.

"तुमचं ते वन-टू-थ्री माझ्याकडे चालायचं नाही," त्या मला म्हणाल्या. "टाळी, खाली, टाळी-टाळी. संपलं! यात प्रोग्रेसिव्ह काय आहे, अविनाश? आमचे अण्णा दारात बसून वाजवायचे असलं."

"आई, तू धरून दे ना, बोलू नकोस," सिद्धार्थ म्हणाला.

"हातानं धरतेय. तोंड मोकळंच आहे."

दुसऱ्या लाटेत दोघं आजारी पडले. तो एका हॉस्पिटलमध्ये, त्या दुसऱ्या. तो घरी आला, त्या आल्या नाहीत. त्याला शेवटचं बघताही आलं नाही. याबद्दल जास्त लिहीत नाही, तुमच्यापैकी अनेकांना ते लिहून सांगायची गरज नाही.

त्यानंतर तो बाकी सगळं वाजवायचा, पण त्या गाण्यातला मधला भाग आला की थांबायचा. प्रत्येक प्रॅक्टिसला, तिथेच. मी म्हटलं, कोविडनंतर होतं असं काहींना, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, "मोजता येतं रे मला. समोर कोणी धरून बसलेलं नसलं की हातच उचलत नाही."

फेस्टिव्हलमध्ये तेच गाणं वाजवायचं हा हट्टही त्याचाच. आणि वर अट. "या वेळी मधे थांबलो तर ड्रम्स विकून टाकणार. मग कोणी समजवायला यायचं नाही." तो असल्या गोष्टी बोलण्यापुरत्या बोलत नाही. त्याने गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

यावर गिटार वाजवणाऱ्या केदारने तोडगा काढला. लॅपटॉपवरून सिद्धार्थच्या हेडफोनमध्ये ठोका सोडायचा – याला क्लिक म्हणतात – म्हणजे मोजायचं कामच नाही, कानात पडेल त्यावर वाजवत जायचं. प्रॅक्टिसला एकदा ते जमलं. आम्ही खूश.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी एक सर येऊन गेली, नंतर आकाश स्वच्छ. लोक आले. केस पांढरे झालेले, पोटं सुटलेली, टी-शर्ट तेच काळे. दुपारी एका बँडने हौसेने लोकांना टाळ्या वाजवायला सांगितलं, सात मात्रांवर. दुसऱ्याच ओळीला टाळ्यांचा पार चिवडा झाला. गायकच हसायला लागला आणि म्हणाला, राहू द्या, तुम्ही घडीच घाला हाताची. हे सांगतोय कारण आमच्या प्रेक्षकांची तालातली लायकी तुम्हाला कळावी.

सिद्धार्थचा बँड उतरत्या उन्हात स्टेजवर आला. मी स्टेजच्या डाव्या कडेला उभा होतो, तिथून ड्रम्सही दिसत होते आणि लोकही. चांगला लख्ख उजेड होता. अंधार, धुकं, अमावास्या – यातलं काहीही नव्हतं.

मधल्या भागापर्यंत सगळं उत्तम चाललं. आणि मग सिद्धार्थने मान वर केली, केदारकडे बघितलं आणि हेडफोन ओढून काढले. झालं होतं असं – केदारने नवा लॅपटॉप घेतला होता, जुन्यावरून सगळं उचलून त्यात टाकलं होतं, आणि गाण्याच्या जुन्या आणि नव्या क्लिकला नाव एकच दिलं होतं. सुरू झाली ती जुनी, केदारच्या पहिल्या फसलेल्या प्रयत्नातली. तिच्यात हा भाग अकरा मात्रांचा नव्हताच. दोन फाइलींना एकच नाव! आमच्या ऑफिसात यावरून माणसाचा जाहीर सत्कार होतो.

सिद्धार्थ थांबला. काठ्या मांडीवर ठेवल्या. केदार एकच सूर धरून उभा राहिला, बाकीच्यांनी हात काढून घेतले. सिद्धार्थने डोळे मिटून घेतले. तो चेहरा मी प्रॅक्टिसला बघितलेला होता. संपलं, म्हटलं. ड्रम्स गेले, आणि त्यांच्याबरोबर हाही आमच्यातून गेला. काहीतरी घोषणा करावी म्हणून मी एक पाय स्टेजवर टाकला.

तेवढ्यात टाळी वाजली. एकच, सगळ्यांची मिळून.

मी वळून बघितलं. मग सगळ्या लॉनभर लोकांनी उजवा तळहात बाजूला उलटा केला. आवाज नाही. दोनेकशे हात, काळ्या टी-शर्टांमधून बाहेर आलेले, एकदम वळले. आणि मग टाळी-टाळी. पुन्हा पहिली टाळी... पुन्हा खाली...

माझ्या अंगावर काटा वगैरे आला नाही. मला आधी राग आला. मला वाटलं, कोणीतरी हे ठरवून केलंय आणि आयोजकाला सांगायची पद्धतही पाळलेली नाही.

अशी काही आवर्तनं झाली. सिद्धार्थचे डोळे मिटलेलेच. मग त्याने काठ्या उचलल्या आणि बरोबर पहिल्या टाळीवर तो आत आला. तो आला तशा टाळ्या थांबल्या. लोकांनी पुन्हा हाताची घडी घातली, जणू मधे काही झालंच नव्हतं. गाणं शेवटपर्यंत झालं.

आता तपासाचं. हे गाणं तोवर कुठेही वाजलेलं नव्हतं, नेटवर टाकलेलं नव्हतं. काकूंना टाळी-खाली धरताना बघितलेला बाहेरचा माणूस मी एकटा, केदारलाही ते माहीत नव्हतं. आमच्या मित्राने स्टेजच्या कडेने व्हिडिओ केला होता, तो मी नको तितक्या वेळा बघितला. एखाद्याने सुरू केलं आणि बाकीचे सामील झाले, असं त्यात दिसत नाही. पहिल्याच टाळीला सगळे आहेत. पहिल्याच खालीला सगळ्यांचे हात वळलेत.

मग मी लोकांना फोन केले. बहुतेकांचं उत्तर एकच – "पुढच्याचं बघून केलं." ठीक. म्हणून अगदी पहिल्या रांगेतल्या एका मुलीला गाठलं. तिच्या पुढे फक्त स्टेज होतं.

"तुम्ही कोणाचं बघून केलंत?"

"ड्रमरचं. तोच दाखवत होता ना?"

"त्याचे हात मांडीवर होते."

"नाही हो," ती म्हणाली. "चांगले वर करून दाखवत होता. मला तर ती हात उलटा करायची पद्धत फार आवडली."

मी तिला व्हिडिओ पाठवला. त्यात सिद्धार्थ मांडीवर काठ्या ठेवून बसलाय. तिने बघितला, आणि नंतर माझे फोन घेतले नाहीत.

मित्र म्हणतात, समूहाचं मानसशास्त्र असतं बाबा. असेल. मीही कोणाच्या तरी धाग्यावर हेच लिहिलं असतं. पण अकरातली खाली कुठे येते, हे कुठल्या मानसशास्त्रात शिकवतात?

सिद्धार्थने ड्रम्स विकले नाहीत. मात्र त्या दिवसाबद्दल तो एक शब्द बोलायला तयार नव्हता, आणि व्हिडिओ तर नकोच म्हणाला. दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी तो आपणहून माझ्याकडे आला. चहा झाला, क्रिकेट झालं, मेट्रोला शिव्या घालून झाल्या. मग कप खाली ठेवून म्हणाला, "अव्या, एक बघून सांग. त्या शेवटच्या दोन टाळ्या... त्यातली दुसरी लवकर पडली का?"

"म्हणजे?"

"आई ती नेहमी आधी मारायची. नेहमी. मी ओरडायचो तिच्यावर. ती म्हणायची, सम जवळ आली की माझा हात थांबत नाही रे."

हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या घरी बसून मी तो ताल ऐकला होता, पण माझ्या कानाला असलं काही कळत नाही. मी व्हिडिओचा आवाज कॉम्प्युटरवर काढला, मात्रांच्या उभ्या रेघा आखल्या आणि एकेक टाळी बघत गेलो. पहिली टाळी रेघेवर. शेवटच्या दोनांतली पहिली रेघेवर. आणि दुसरी... रेघेच्या जरा आधी. पुढच्या आवर्तनात तसंच. त्याच्या पुढच्यातही तसंच. सगळ्यांची मिळून, तेवढीच आधी.

सिद्धार्थने मला ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तो हसायला लागला. "सांगून सांगून थकलो होतो हिला!" म्हणाला, आणि मग दोन्ही हातांत तोंड घालून रडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्यासमोर तरी. मला काय करावं सुचेना, म्हणून मी उठलो आणि पुन्हा चहा टाकला. उकळत होता तेव्हा मीही रडलो. लिहून टाकतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मला याचं कारण सापडलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर खाली लिहा, मी खरंच वाचेन. इतकी माणसं एकदम बरोबर कशी वाजवतात, याचा उलगडा एखाद वेळेस होईलही. पण ती सगळी एकाच जागी, एकाच बाईसारखी चुकली – त्याचं मी काय करू?