केळीची राख आणि काळी भुकटी

काच घासल्याचा आवाज आला की मी अजून दचकतो. बायकोला वाटतं, वय झालं. कारण वय नव्हे, आमच्या लॅबमधले आबा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जळगावच्या एका कॉलेजात मी पीएच.डी.साठी मँगनीज डायऑक्साइड बनवत होतो. टॉर्चच्या सेलमध्ये असते ती काळी भुकटी. पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीत ती टिकावी, एवढाच ध्यास. द्रावण किती तापवलं, किती वेळ ठेवलं, त्यात काय शिरलं, यावर तिच्या कणांचा घाट ठरतो. ‘नॅनो’ हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत आला नव्हता. मुंबईहून सूक्ष्मदर्शकाचे फोटो आले. कण सुयांसारखे बारीक, आणि त्याच भुकटीचा सेल सगळ्यांत जास्त टिकलेला. मी हवेत होतो.

त्याच तोऱ्यात मी आबांवर घसरलो. आबा लॅबचे शिपाई, एरंडोलहून रोज एसटीने यायचे आणि काचेची भांडी घरून आणलेल्या राखेने घासायचे. “ही लॅब आहे आबा, चूल नाही,” म्हणत मी राखेचा डबा फेकला आणि साबणाची पावडर आणून दिली.

त्यानंतर सुया आल्याच नाहीत. तापमान बदललं, वेळ बदलली, आम्ल बदललं, नुसते गोळे. वर्ष वाया चाललं होतं. नाचता येईना अंगण वाकडं! मी माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं, आबा राग धरून माझ्या बाटल्या बदलतात. पाहिलं काहीच नव्हतं. सरांनी सगळ्यांसमोर आबांना झापलं आणि सायकल स्टँडवर बसवलं.

“मी काहीच करेल नही, साहेब,” एवढंच ते म्हणाले.

पुढे कपाटामागे एक जुना बीकर सापडला, राखेचा पांढुरका थर तसाच. आळसाने मी तो न धुताच वापरला. सेल पूर्वीसारखा टिकला. तसाच स्टँडवर गेलो.

“आबा, ती राख कशाची होती?”

“केळीना खांबनी. का बरं, भाऊ?”

केळीच्या राखेत पोटॅशियम भरपूर. त्याचा अंश शिरला की कण लांब वाढतात. मी आबांना सगळं सांगितलं, माझ्या खोटेपणासकट. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“मंग साहेबले सांगशात ना, मन्ही चूक नव्हती म्हनीसन?”

“उद्याच सांगतो.”

सांगितलं नाही. मी खोटं बोललो हेही कबूल करावं लागलं असतं, आणि प्रबंधावर सरांची सही बाकी होती. पोटॅशियम मी विचारपूर्वक मिसळलं, असं त्या प्रबंधात छापलेलं आहे. डिग्री मिळाली, पेढे वाटले.

आबा निवृत्त होईपर्यंत स्टँडवरच राहिले. सर स्कूटर लावायला आले की ते स्टुलावरून उठायचे, टोपी सारखी करायचे आणि आज तरी सर काही बोलतील म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. सर किल्ली खिशात टाकून निघून जायचे.