सासरी बदललेलं नाव

पन्नासच्या दशकात इंदापूरला एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायला लागले. तेव्हा जेमतेम विशीची होते.

केसपेपर आम्ही गाववार, नाववार लावायचो. बायकांची मात्र पंचाईत व्हायची. नवऱ्याचं नाव विचारलं की पदर तोंडाला. मग सोबतची नणंद ते सांगायची आणि सगळा बाक हसायचा.

एकदा सणसरची एक नवी सून तापानं फणफणून आली. सणसरच्या गठ्ठ्यात तिचं नाव नव्हतं, म्हणून मी नवा पेपर केला. बाई पेनिसिलिनची सुई भरत होत्या, तेवढ्यात पोरगी कण्हत म्हणाली, "ही सुई मला सोसत न्हाय. मागं हितंच अंगभर गांधी उठल्या, धाप लागली."

"इथं? तू तर आजच आलीस ना?"

"लगनाआधी आलते. वरकुट्याची मी. तवा नाव येगळं हुतं माझं."

वरकुट्याच्या गठ्ठ्यात तिचा पेपर निघाला. वर लाल शाईत बाईंच्याच हातची सूचना: पेनिसिलिन देऊ नये. बाईंनी सुई खाली ठेवली. दुसरं औषध दिलं, आणि दोन दिवसांत पोरीला उतार पडला.

दवाखाना बंद करताना बाई म्हणाल्या, "आता नंबर देऊ. गावाचं अक्षर नि पुढं आकडा."

"गावच बदलतं की, बाई," मी म्हटलं. "नाव बदलतं, आडनाव बदलतं. नंबरात त्यातलं काहीच नको. येईल तिला पुढचा आकडा, तोच जन्मभर."

"आणि विसरली तर?"

आकडा विसरू नये म्हणून शेवटी तांबटाकडून आकडे ठोकलेले छोटे बिल्ले करून घेतले. बायकांनी ते काळ्या दोऱ्यात ओवले. पुढं दारातूनच ठसक्यात आवाज यायचा, "मी तीनशे बारा!" आजही तो आठवला की हसू येतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं संकट टळल्याचा आनंद असायचा त्यात.

वर्षभरानं ती सणसरची पोरगी तान्हं घेऊन आली.

"ह्याला माझाच नंबर लावा. माझंच हाय न्हवं?"

"तुझं असलं तरी माणूस वेगळा आहे. त्याला त्याचा."

ती जराशी फुगली. मी नवा बिल्ला पुढं केला, तर बाळानं तो मुठीत धरून थेट तोंडात घातला.