लूप की लूम?

भिवंडीतल्या कामतघरच्या मंदा भालेरावने कॉम्प्युटरचा डिप्लोमा पहिल्या वर्गात काढला, त्याला १९९६ साली दीड वर्ष झालं होतं. नोकरी काही मिळेना. अर्जावर भिवंडीचा पत्ता दिसला की लोक टायपिंगचं काम पुढे करत. मंदा ठणकावून सांगे, "मला प्रोग्रॅम लिहायचेत," आणि हात हलवत घरी येई.

अंधेरीच्या एका कंपनीत साहेबांनी अर्ज चाळला आणि विचारलं, "लूप म्हणजे काय?"

भिवंडीतल्या यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, खडखडाटात वाढलेल्या तिच्या कानांनी 'लूम' ऐकलं. मंदाचं डोकंच सणकलं. भिवंडीची म्हणून हा माणूस माझी थट्टा करतो?

"सांगते की! धोटा इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येतो. तेच काम पुन्हा पुन्हा. आडवा धागा तुटला की लूम आपोआप थांबतो. नाही थांबला, तर माल वाया. माझे बाबा तीस वर्षं लूमच चालवतात. आणखी काही?"

साहेब हसले. "मी लूप विचारलं होतं. प्रोग्रॅममधलं."

मंदाचा चेहरा पडला. ती उठलीच.

"बसा हो. लूपही तसंच असतं. तेच काम पुन्हा पुन्हा. फक्त थांबायचं कधी, हे सगळे विसरतात. तुम्ही नाही विसरलात. सोमवारपासून या."

मंदा स्टेशनवरून थेट बाबांच्या कारखान्यात गेली. नोकरीचं कळताच बाबांनी खडखडाटातून ओरडून विचारलं, "काय विचारलं गं त्यांनी?"

"तुमचं काम, बाबा!" तीही ओरडली. "पैकीच्या पैकी मार्क पडले तुम्हाला!"