हिर्डोशीच्या खाचरातली डीव्हीडी

‘‘आमच्या दादांनी वहिनींच्या आवाजाची सीडी पाखरं हाकायला भातात टांगली, आन् उन्हानं ती ऐन हळदीत करपून काळी झाली.’’

हे विधान माझा धाकटा भाऊ सोपान याचे आहे. नात्यातल्या प्रत्येक लग्नात, पंगतीत भात वाढायला आला की तो ते करतो. (भात पाहिला की त्याला मी आठवतो.) मंडळी हसतात, वाढपी थांबतो, आणि माझ्या पानावरचे वरण गार होते. मी आजवर प्रतिवाद केला नाही, कारण जेवताना वाद घालू नये असे माझे मत आहे. परंतु मध्यंतरी एसटीच्या थांब्यावर एका अनोळखी गृहस्थाने मलाच ही हकिगत ‘भोरच्या एका म्हाताऱ्याची गंमत’ म्हणून ऐकवली! तेव्हा आता लेखी खुलासा करणे भाग आहे.

मी निवृत्त भूमापक. लोकांच्या बांधांची मोजणी करण्यात माझी हयात गेली. बांधावर दोन्ही बाजू शपथेवर बोलतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे अतिक्रमण मोठे, हा माझा अनुभव आहे. सोपानचा आवाज किती मोठा आहे, हे त्याच्या गावी, हिर्डोशीत, कोणालाही विचारावे.

माझी पत्नी कमल गेल्या चैत्रात गेली. फोटो पुष्कळ आहेत. आवाज मात्र कुठे नाही. कोणी मोबाईल समोर धरला की ती हात आडवा करून तोंड मिटून घेत असे. ती मोकळेपणी बोलते ती एकाच ठिकाणी : आमच्या मुलीच्या, वैशालीच्या लग्नाच्या डीव्हीडीत. ती होती तेव्हा आम्ही दोघे ती डीव्हीडी दिवाळीला लावत असू. (हळदीतला थोडा भाग मी रिमोटने पुढे पळवत असे. त्यात पाहण्यासारखे विशेष काही नव्हते. कमल अशा वेळी नुसती गालात हसे.)

ती गेल्यावर माझ्या मनाने घेतले की इतकी मोलाची वस्तू एकाच तबकडीवर असणे धोक्याचे. सरकारी दप्तरातसुद्धा नकला ठेवतात. मी कोऱ्या डीव्हीडींचा डबा आणला, घरच्या जुन्या संगणकावर लग्न उतरवून घेतले आणि तिथून नकला काढायला बसलो. काही तबकड्या बिघडल्या. ज्या साधल्या, त्या एकेक त्याच संगणकात घालून तपासल्या. प्रत्येक लागली! प्रत्येकीत बँड वाजला, प्रत्येकीत वैशाली मांडवात आली. मग प्रत्येकीवर मी पक्क्या शाईने ‘खरी नक्कल’ असे लिहून खाली सही केली. सही असलेल्या डब्यात. बिनसहीच्या रद्द म्हणून पिशवीत. शेवटी, नकला तयार झाल्यावर कच्चे कागद फाडतात त्या न्यायाने, संगणकातले लग्न मी कायमचे पुसून टाकले. फुकट जागा अडत होती.

इतके काटेकोर काम सोपानने जन्मात केलेले नाही.

तो नवरात्रात भोरला आला आणि त्याची नजर पिशवीवर गेली.

‘‘दादा, ह्या चकत्या कसल्या वो? लई चमकत्यात.’’

‘‘रद्द आहेत.’’

‘‘मग न्हेऊ का? भातावर पाखरं पडल्याती. ह्या वाऱ्यानं फिरल्या की बसत न्हाईत.’’

‘‘ने. पण डब्यातल्या, सहीच्या एकीलाही हात लावायचा नाही!’’

‘‘न्हाई लावत.’’

आणि त्याने खरोखरच लावला नाही! आयुष्यभर माझे एकही न ऐकलेल्या या माणसाने नेमके त्या दिवशी ऐकले.

दिवाळीला वैशाली माहेरी आली. फराळाचे ताट बाजूला सारून म्हणाली, ‘‘तात्या, लावा ना. माझ्या पाठवणीत आई बोलते ते ऐकायचंय मला. सात महिने झाले तिचा आवाज ऐकून.’’

मी अभिमानाने एक खरी नक्कल लावली. टीव्ही निळा झाला. दुसरी लावली, निळा. तिसरीला मी टीव्हीला दोष दिला. वैशालीने ती संगणकात घालून पाहिली आणि फार हळू आवाजात म्हणाली, ‘‘तात्या, ह्यात लग्न नाहीये.’’

‘‘माझी सही आहे तिच्यावर!’’

‘‘सही आहे. आत नुसता शॉर्टकट आहे. लग्न कॉम्प्युटरमध्येच होतं. ही तिथं जायची वाट.’’

‘‘मग त्या वाटेने जा.’’

‘‘गेले. तिथं काही नाही. कोणी पुसलं?’’

(प्रश्नाचा रोख मला आवडला नाही.)

थोडक्यात, मी जमिनी वाटल्या असे समजत होतो आणि प्रत्यक्षात सातबाऱ्याचे उतारे वाटले होते. तपासणीच्या वेळी जमीन माझ्याच घरात असल्याने प्रत्येक उतारा बरोबर निघाला. मोजणी खात्यातल्या कोणत्याही माणसाने हीच तपासणी अशीच केली असती.

‘‘बरं, फोटोग्राफरनं दिलेली मूळ डीव्हीडी द्या.’’

मी डबा उघडला. त्यात फक्त सहीच्या तबकड्या होत्या. आणि मूळ तबकडीवर माझी सही नव्हती. असेल कशी? अस्सलावर ‘खरी नक्कल’ कोण लिहील! वधूवरांच्या नावांचा कागद तिच्यावर होता, पण तो यंत्रात अडकेल म्हणून मीच ओल्या फडक्याने सोडवला होता. म्हणजे ती बिनसहीची, म्हणजे रद्द, म्हणजे पिशवीत. नियमात कोठेही चूक नव्हती.

वैशालीने गाडीची किल्ली उचलली. तिची आईही रागावली की अशीच काही तरी उचलून चालू लागत असे. मी डबा काखेत मारून मागून गेलो.

वरंध घाटाच्या रस्त्याने हिर्डोशीला पोचलो तेव्हा सोपानचे खाचर दुरूनच लखलखत होते. काठीकाठीला दोऱ्या, दोरीदोरीला तबकड्या, आणि वाऱ्यावर सगळ्या गरगर फिरत होत्या. त्यांतली एक माझी कमल होती. कोणती, ते सांगता येत नव्हते. वैशाली बांधावर उभी राहून एकेका तबकडीकडे पाहत होती. तो देखावा मी विसरलेलो नाही.

‘‘सगळ्या उतरव,’’ मी सोपानला म्हणालो.

सोपानची बायको पारू खाचराच्या आडवी आली. ती थोरल्या दिराशी थेट बोलत नाही; माझ्या देखत वैशालीशी बोलते. ‘‘वैशे, तुझ्या तात्यास्नी सांग, चकत्या काढल्या तर सांजपातुर पाखरं समदं भात खात्याली. आमी काय खायाचं?’’

‘‘काकू, आईचा आवाज आहे गं त्यात.’’

पारूने पदराला डोळे पुसून स्वतःच पहिली दोरी सोडली. मग माझ्या काखेकडे बोट केले. ‘‘ह्या डब्यात काय हाय म्हनं?’’

अशा रीतीने माझ्या सर्व खऱ्या नकला, माझ्या सहीनिशी, हिर्डोशीच्या खाचरात टांगल्या गेल्या.

‘‘आता बघा,’’ सोपान म्हणाला, ‘‘दादांच्या सहीला जमिनीवाली घाबरत व्हती, तशी पाखरंबी घाबरत्याल!’’

सोपानच्या घरी टीव्हीपुढे आम्ही उतरवलेल्या तबकड्या एकेक लावत गेलो. निळा, निळा, निळा. आणि अचानक बँड वाजला! पारूने हात जोडले. कमल दिसली, हिरव्या शालूत, कोणाला तरी हाताने लगबग करायला सांगताना. मांडवात हळद सुरू झाली. वैशाली पुढे सरकली. रिमोट सोपानकडे होता, त्यामुळे मला काही करता आले नाही. आणि पडदा काळा झाला.

‘‘करपली!’’ सोपान ओरडला. ‘‘उन्हानं करपली! बंद करा, बंद करा, हाय त्ये तरी राहू द्या!’’

वैशालीने घाईघाईने यंत्र बंद केले आणि तबकडी ओढणीत गुंडाळून माझ्या हाती दिली. ‘‘पाठवणी गेली, तात्या,’’ एवढेच म्हणाली. सोपानचे ते विधान तिथे, त्या क्षणी जन्माला आले. मला त्या काळोखाविषयी थोडी माहिती होती, पण पुराव्याशिवाय बोलण्याची मला सवय नाही.

भोरला परतल्यावर, वैशाली पुण्याला गेल्यानंतर, मी एकट्याने तबकडी लावली. बँड, शालू, हळद. पडदा काळा झाला. काळ्या पडद्यापुढे कोणी थांबत नाही. मी थांबलो. मग पहिल्यापासून पुन्हा लावली, वैशालीला फोन केला, फोन टीव्हीजवळ धरला आणि म्हणालो, ‘‘आता ऐक. काही बोलू नकोस.’’

वाचकांनी निवाडा करताना तिने जे ऐकले ते ध्यानात घ्यावे. उन्हाने करपलेली तबकडी मुकी होते, ही बोलते. काळोखानंतर पुन्हा उजेड येतो, आणि पुढे पाठवणी शेवटपर्यंत शाबूत आहे. हिर्डोशीच्या उन्हाने तिला काहीही केलेले नाही. हळदीला मांडवात काळोख झाला तेव्हा वीज गेली असेच सर्वांनी धरले होते, आणि मीही त्या समजुतीत कधी ढवळाढवळ केली नव्हती. पण डीव्हीडीत, अगदी काळोख पडण्याआधी, बँडच्या गोंगाटात लक्ष देऊन ऐकले तर कमल म्हणते : ‘‘अहो, तुम्ही त्या वायरीला हात लावू नका!’’

आणि लगेच नंतर, मिट्ट काळोखातून, अगदी स्वच्छ : ‘‘लावलाच ना!’’