गुडघ्यापर्यंतचा समुद्र

कोल्हापूरहून समुद्र गाठायचा तर आम्ही गगनबावड्याचा घाट उतरतो. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी, कारण मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे आणि हंगाम आवरल्याशिवाय मला सलग चार दिवस रजा मिळत नाही. गाडीत मी, बायको, मुलगी आणि गडमुडशिंगीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. पायाशी मटणाचा डबा. समुद्रावर जाऊन तांबडा रस्सा खाणारी माणसं जगात आम्हीच असू. तिथल्या खानावळीच्या बाई सुरमई तळून वाट बघत असतात आणि माझी बायको त्यांच्याच गॅसवर आमचा डबा गरम करून मागते. बाई आता हसतात, पहिल्या वर्षी हसल्या नव्हत्या.

घरात सगळ्यांचा समज आहे की मला निसर्गाचं वेड आहे. पाहुण्यांना कोकणात जायचं असलं की मला फोन येतो. पोरांना घेऊन कुठं जाऊ, काय दाखवू? मी सांगतो. आचऱ्याच्या खाडीत सकाळी होडी घ्या, खारफुटीची मुळं चिखलातून वर आलेली दिसतील, खंड्या दिसेल, बगळे तर ढिगानं. देवगडच्या दीपगृहावर संध्याकाळी जा. किनाऱ्यालगत उंच झाडावर समुद्रगरुडाचं घरटं असतं, ते गावातल्या माणसाला विचारून बघा आणि आरडाओरडा करू नका. आणि काही झालं तरी ओहोटीला खडकाळ किनारा चुकवू नका. ओहोटीची वेळ काढायला मला एका होडीवाल्यानं शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. कॅलेंडर बघायचं आणि निघायचं. फोनवरच्या माणसाला वाटतं, काय अभ्यास आहे! बायको मागून म्हणते, लग्नाच्या वेळी ह्यांना वड आणि पिंपळ वेगळे ओळखता येत नव्हते. ते खरं आहे.

ह्या सगळ्या जागा मी एकाच हिशेबानं निवडल्या आहेत. तिथं पाणी कुणाच्या गुडघ्याच्या वर येत नाही. ह्याचं कारण मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी नऊ वर्षांची होती, पुतण्या सहाचा. त्या वर्षी भाऊ-वहिनींनी पोरगं पहिल्यांदाच एकटं आमच्याबरोबर पाठवलं. निघताना वहिनी गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाली, "भावजी, पोरगं तुमच्या जिवावर सोडतोय हं." मी म्हटलं, "काय काळजी करू नका." किनाऱ्याचं नाव इथं लिहीत नाही. चांगला वाळूचा किनारा आहे, त्याचा काही दोष नव्हता. "मेअखेर पाणी ओढतं, आत जाऊ नका," असं तिथल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला सांगितलंही होतं. मी ते ऐकून सोडून दिलं. आम्ही विहिरीत पोहायला शिकलेली माणसं. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून वडिलांनी वरून ढकलून दिलं, तेवढ्यावर आम्हाला वाटतं की पाणी आमच्या ओळखीचं आहे. विहिरीचं पाणी जागेवर असतं आणि नदीचं एका दिशेनं जातं. समुद्राचं पाणी येतं त्याहून जोरात परत जातं, हे मला चाळिशीला आल्यावर कळलं.

दोन हातांत दोन पोरं धरून मी माझ्या कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. दोघंही लाटेबरोबर उड्या मारत खिदळत होती. बायको मागं वाळूत पिशव्या सांभाळत बसली होती. एक मोठी लाट डोक्यावरून गेली आणि परत जाताना तिनं पायाखालची वाळूच नेली. मी गुडघ्यावर आलो. डाव्या हाताला पुतण्या पूर्ण पाण्याखाली होता, उजव्या हाताला मुलगी. पुतण्याला वर उचलायला एक हात पुरत नव्हता. मी उजवा हात सोडला.

सुटला नाही, सोडला. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं तेही मला नीट आठवतं. दुसऱ्याचं पोर आहे, एवढंच आलं. भावाला काय तोंड दाखवू, असं आलं. आपल्याकडं दुसऱ्याच्या पोराला आधी वाढतात, मग आपल्याला, त्याच सवयीनं मी तिथंही वागलो असेन. पुतण्याला दोन्ही हातांनी उचलून मी काठाकडं पळालो. वळून बघितलं तर मुलगी नव्हती. किती वेळ नव्हती ते सांगता येणार नाही. मग बऱ्याच लांब, बाजूला, ती वाळूच्या उंचवट्यावर ओणवी दिसली. खोकत होती. मी पोचलो तर म्हणाली, "माझी क्लिप गेली."

बायकोला मी सांगितलं, लाटेत हिचा हात सुटला. परत आल्यावर भावानं मला मिठी मारली, वहिनी रडली, पेढे आले. तेव्हापासून आमच्या घरात ही गोष्ट मी पुतण्याला कसा वाचवला अशी सांगितली जाते. लग्नात, बारशात, जत्रेला सगळे जमले की कुणीतरी काढतंच. मी मान खाली घालून जेवतो. लोकांना तो माझा विनय वाटतो.

दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग आपल्याच गालाला हात लावला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. मी तसा झालो. वाईट वाटणं, रडणं, झोप न लागणं, यातलं काहीच झालं नाही. मुलगी दहावीला पहिल्या पाचांत आली तेव्हा सगळे नाचले, मीही हसलो, पण आतून काही उमटलं नाही. किनाऱ्यावर मी सगळं दाखवत राहिलो. हा बघा शंखातला खेकडा, हे बघा समुद्रफूल, हे फूल नाही, प्राणी आहे. पोरं ओरडायची, मी पुढच्या डबक्याकडं वळायचो. समुद्रावर जायचंच नाही म्हणालो असतो तर बायकोनं कारण विचारलं असतं, म्हणून जात राहिलो. एकच प्रश्न माझ्यात जिवंत होता. मुलीला कळलं होतं का? तिला हात सुटल्यासारखं वाटलं होतं, की सोडल्यासारखं? तिनं कधी विषय काढला नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

आता ती बारावी झाली. पुढं पुण्याला जाणार हे ठरलं आहे. ह्या मे महिन्यात घाट उतरताना मला सारखं वाटत होतं की आता नाही विचारलं तर राहिलंच.

तिसऱ्या दिवशी आम्ही नेहमीच्या खडकांवर गेलो. शेजारीच वाळूचा लांब पट्टा आहे, तिथं लोक डुंबत होते. पुतण्या आता चौदा वर्षांचा आहे, माझ्या खांद्याला लागतो. तो म्हणाला, "काका, आज तिकडं पाण्यात जाऊया की."

"तिकडं खड्डे आहेत," मी म्हटलं.

"तुम्ही असताना कशाला भ्यायचं? मला काढलंसाच की त्या वेळी!"

बायको हसली. मुलगी हसली नाही. पुतण्याला भूक लागली म्हणून बायको त्याला घेऊन गाडीकडं डबा आणायला गेली आणि आम्ही दोघंच राहिलो. मुलगी एका डबक्याशी उकिडवी बसली होती. तिनं समुद्रफुलाला बोट लावलं, ते मिटलं. मी सवयीनं सांगायला लागलो की भक्ष्य आलं असं त्याला वाटतं, म्हणून ते मिटतं.

"पप्पा, हे दरवर्षी सांगतासा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "त्या दिवशी लाटेत तुझा हात सुटला..."

"सुटला न्हाई. सोडलासा." तिनं वर बघितलं नाही. "बोटं उघडली तुम्ही. मला कळलं की तवाच."

हे उत्तर येईल असं धरून मी आठ वर्षं मनात वाक्यं जुळवत होतो. तो लहान होता, तू मोठी होतीस, तुला पोहता येत होतं, मला माफ कर. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी एवढंच विचारलं, "मग कुणाला बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलणार? मम्मीला कळलं असतं तर तिनं परत समुद्रावर पाठवलं असतं का आम्हाला?" ती आमच्याकडच्या पोरी बोलतात तशी पोरांसारखं बोलत होती, रोखठोक. "मला लई आवडायचं लाटेत. त्या दिवशीबी भ्या वाटलं, पण आवडलंच. म्हणून गप बसलो मी."

तिनं बोट डबक्यातून काढून झटकलं.

"आणि काय उपयोग झाला?" ती म्हणाली. "तुम्हीच बंद केलासा की. आठ वर्षं झाली, खेकडं बघतोय नुसतं."

हात सोडल्याची माफी मी तयार ठेवली होती. ह्या दुसऱ्या गोष्टीची माझ्याकडं कसलीच तयारी नव्हती. नऊ वर्षांच्या पोरीनं एवढी मोठी गोष्ट एकटीनं पोटात ठेवली, ती ज्याच्यासाठी ठेवली तेच मी तिच्याकडून काढून घेतलं आणि वर लोकांना फोनवर जागा सांगत बसलो. मला छातीत दुखलं. खरोखर दुखलं, आठ वर्षांत पहिल्यांदा, आणि मी तिथं खडकावर बसून तिच्यासमोर मोठ्यानं रडायला लागलो.

ती घाईनं उठली. गाडीच्या दिशेनं एकदा बघून माझ्या आणि त्या वाटेच्या मध्ये आडवी उभी राहिली आणि तिची ओढणी माझ्या हातात कोंबली.

"डोळं पुसा पप्पा, मम्मी याय लागलीया," ती म्हणाली. "तिला कळलं तर संपलंच सगळं."