जीपचा गिअरबॉक्स

माझ्या जुन्या स्पोर्ट्‌स गाडीचा गिअरबॉक्स गेला, तेव्हा वाशीमच्या ओळखीच्या मिस्त्रीनं तिला मोडीतल्या जीपचा बसवला. स्वतः दुरुस्त केलेल्या गाडीत तो कधीच बसत नसे. रस्त्याकडे पाठ करून, डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचा.

"चला तुमी. मी आयकून राह्यलो," म्हणाला.

शेलूबाजारच्या रस्त्याला लागताच खडखड सुरू झाली. आरशात पाहिलं, तर त्या पाठमोऱ्या माणसाचा हात वर. मी गिअर बदलला. खडखड थांबली.

परत येऊन म्हटलं, "हात केलात, बरं झालं. लगेच गिअर बदलला."

"मी त थांबा म्हनून राह्यलो होतो," तो म्हणाला. मग बॉनेटला कान लावला. "मंग खडखड कायनं थांबली?"

आणि दार उघडून आत बसला.